मणका दबला तर…

कळशी उचलली, नाहीतर रिक्षा खड्ड्यात आदळली, आणि पाठीत एकदम कळ आली. कूसही बदलता येईना. घरचे म्हणतात, "वय झालं, तेल लावा." पण पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. एवढ्याशा धक्क्यानंही मणका दबून मोडतो. म्हणून पाठ चोळून घेऊ नका. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, एक्स-रे काढून घ्या.

बहुतेकींचं दुखणं औषध, पट्टा आणि बेताची हालचाल यांनी 6 ते 12 आठवड्यांत कमी होतं. तरीही सोसवेना, तर पाठ न फाडता सुईतून मणक्यात हाडांचं सिमेंट भरतात. कधी आधी छोटा फुगा फुगवून जागा करतात. मात्र 2009 साली छापून आलेल्या दोन चाचण्यांत सिमेंटचा आणि नुसत्या लुटुपुटीच्या उपचाराचा आराम सारखाच निघाला. म्हणून डॉक्टरांना विचारा, "मला याची खरंच गरज आहे का?"

सिमेंटनं बाकीची हाडं बळकट होत नाहीत. त्याची औषधं वेगळी, ती सुरू करून घ्या. पायातलं बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईची, सासूची पाठ अचानक धरली, तर वयावर ढकलू नका.