वाचकांचा पत्रव्यवहार



संपादकांच्या या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने मी तडक विषयाकडे वळतो. कारण कागदाची महागाई, टपालहशिलाचे चढते दर, जाहिरातदारांची अनास्था आणि सरकारी यादीत नाव लागण्याची विवंचना यांचा ऊहापोह अशा परिषदांतून इतका झालेला आहे की, त्यात माझ्या चार वाक्यांची भर पडून कोणाच्याही वर्गणीदारांत एकाचीदेखील वाढ व्हावयाची नाही. राजकारण आणि संस्कृती या दोन्ही विषयांवर, कोणाच्याही ओंजळीने पाणी न पिता लिहिणारी जी थोडी नियतकालिके महाराष्ट्रात निघत आली, त्यांच्या संपादकांचे गौरवग्रंथ निघाले आणि लेखकांची चरित्रे झाली. परंतु त्यांना उलट लिहिणाऱ्या, त्यांच्याशी भांडणाऱ्या आणि त्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या वाट्याला आजवर शेवटच्या पानावरचा बारीक टाइपच आला आहे. त्या बारीक टाइपाविषयी मी आज बोलणार आहे.

आरंभकाळी संपादक आणि पत्रलेखक यांच्यामधील भिंत फार उंच नव्हती. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात 1848 च्या मार्चपासून ‘लोकहितवादी’ या सहीने जी पत्रे येऊ लागली आणि पुढे शंभरावर संख्या गेल्यामुळे ‘शतपत्रे’ या नावाने जी वाङ्मयात रुजू झाली, त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख हे त्या वेळी पंचविशीतले सरकारी नोकर होते, ‘प्रभाकर’चे संपादक नव्हते. एका तरुणाने वर्तमानपत्राकडे पाठविलेला हा पत्रव्यवहार मराठी गद्याचा पाया होऊन बसला आणि ज्या अंकांच्या पोटात तो छापला गेला त्यांतील बातम्या आज संशोधकावाचून कोणाला ठाऊक नाहीत. त्यानंतर सात वर्षांनी, 1855 मध्ये, जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’ने दोन अंकांत छापला. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचे होते आणि त्याचे हेतू धर्मप्रसाराचे होते, हे मान्य केले तरी ज्यांच्याविषयी नेहमी तिसराच कोणी लिहीत असे त्यांच्यापैकी एकीचा शब्द तिच्या नावानिशी छापला गेला, ही गोष्ट उरतेच. शिष्ट पुण्यातील एखाद्या पत्राने तो निबंध त्या काळी छापला असता काय, याचे उत्तर मी श्रोत्यांवर सोडतो.

या पत्रव्यवहारास पुढे जो बहर आला त्याचे श्रेय केवळ देशभक्तीला देण्याची आपली सवय आहे. मी त्यातला थोडा वाटा टपालखात्यालाही देईन. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले ते 1 जुलै 1879 रोजी, आणि त्याची किंमत होती एक पैसा, म्हणजे पाव आणा. ‘केसरी’चा पहिला अंक निघाला तो 4 जानेवारी 1881 रोजी. या दोन तारखांमधील जवळीक योगायोगाची असेल; तथापि ज्या मामलेदार कचेरीतील कारकुनाला वा तालुक्याच्या गावातील शाळामास्तराला लखोट्याचा खर्च जड वाटत असे, त्याला पाव आण्यात पुण्याच्या संपादकाला दोन खडे बोल सुनावण्याची सोय झाली, आणि ही सोय वर्तमानपत्रांनी वाढविलेल्या लोकजागृतीचे कारणही होती व कार्यही. सोमठाणे आणि नंतर तरवडी अशा नगर जिल्ह्यातील खेड्यांतून मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून ‘दीनमित्र’ चालविला, तोही याच टपालाच्या जाळ्यावर. मात्र कार्ड उघडे असते. ते टपालवाला वाचतो, घरातील वडीलधारे वाचतात, आणि म्हणून उघड्या कार्डावर माणूस जे लिहितो ते पुष्कळदा चारचौघांत बोलण्याजोगेच असते. ज्या प्रश्नांना बंद पाकीट लागते त्यांचा इतिहास निराळा आहे आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

त्याआधी पत्रांच्या धोक्याविषयी एक शब्द. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील अल्पवयी महाराजांचा छळ करीत आहेत, असा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी प्रसिद्ध केला तो हाती आलेल्या पत्रांच्या भरवशावर. ती पत्रे बनावट ठरली आणि 1882 मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तुरुंगातून सुटल्यावर त्यांचा जो जयजयकार झाला त्याच्या आवाजात मूळ धडा मात्र ऐकू येईनासा झाला, असे मला वाटते. संपादकाकडे येणारे पत्र हे साक्षीपुराव्याच्या तोडीचे नसते. ते फिर्यादीसारखे असते आणि फिर्यादीची चौकशी करावी लागते. वाचकावर प्रेम असणे निराळे आणि त्याच्या प्रत्येक पत्राला दाखला मानणे निराळे.

आता बंद पाकिटाकडे येतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 च्या जुलैमध्ये मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये आणि त्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले होते. संततिनियमनाचा पुरस्कार केल्यामुळे कर्व्यांची प्राध्यापकाची नोकरी आधीच गेली होती. लेखन, संपादन, प्रकाशन आणि विक्री यांचा बहुतेक भार हा एकटा मनुष्य वाहत होता आणि तोट्यात चालणारे हे मासिक त्याने 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, बंद पडू दिले नाही. मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीचित्रे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ होते, आणि चित्रांच्या निवडीत कर्व्यांना वादाची थोडी हौसही असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. परंतु मासिकाचे मर्म मुखपृष्ठावर नव्हते, लेखांतही पूर्णपणे नव्हते. ते होते प्रश्नोत्तरांत. घरात आईबापांना, वैद्याला वा मित्राला विचारण्याची सोय नसलेले प्रश्न, लग्नाविषयीचे, शरीराविषयीचे, हस्तमैथुनाविषयीचे, समलिंगी आकर्षणाविषयीचे, वाचक या अपरिचित गृहस्थाला लिहून विचारीत आणि तो त्यांना उपदेशाचा एक शब्दही न सांगता, गणिताच्या शिक्षकाला साजेशा कोरडेपणाने, शास्त्राला ठाऊक असेल तेवढे उत्तर देई. या कोरडेपणातच मोठी करुणा होती. ज्या मुलाला आपण पापी आहोत किंवा रोगी आहोत असे वाटून झोप येत नसे, त्याला कोणी कनवाळू शब्दांत पापी म्हणावे याची गरज नव्हती. ‘यात काही अपाय नाही’ हे एक साधे विधान त्याला हवे होते.

आधी एका लेखाबद्दल कर्व्यांना दंड झालेला होताच. 1934 मध्ये त्यांच्यावर पुन्हा खटला भरण्यात आला, आणि या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली गेली ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. या भेदाकडे परिषदेने लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. लेखकाला लेखासाठी शिक्षा होते तेव्हा त्याचे मत दंडनीय ठरते. उत्तरासाठी शिक्षा होते तेव्हा ज्या अज्ञात इसमाने प्रश्न विचारला त्याला ‘हे तू विचारावयासच नको होतेस’ असे न्यायासनावरून सांगितले जाते. कर्व्यांच्या वतीने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. त्या वेळी अस्पृश्यांच्या राजकारणाचा सारा भार त्यांच्या शिरावर होता आणि या अप्रिय खटल्यात पडून त्यांना लाभ असा काहीच नव्हता. लोकांना हे प्रश्न पडतात, ते त्यांनी प्रामाणिकपणे विचारले तर जाणत्याने उत्तर देऊ नये काय, अशा रोखाचा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. ज्या समाजाला विचारण्याचीच मुभा नव्हती त्या समाजातून आलेल्या माणसाने प्रश्नकर्त्याची बाजू ओळखावी, यात मला योगायोग दिसत नाही. त्यांच्याच ‘मूकनायक’ या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापावयास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आंबेडकरांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे.

नियतकालिकाच्या स्वातंत्र्याची व्याख्या आपण बहुधा नकारांनी करतो: पक्षाचे नाही, भांडवलदाराचे नाही, सरकारचे नाही. ही व्याख्या खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण कोणाचेही नसलेले आणि कोणालाही उत्तर न देणारे मासिक हे स्वतंत्र असते असे म्हणावयाचे तर बंद पडलेले मासिक सर्वांत स्वतंत्र म्हणावे लागेल. वाचकाने विचारावे आणि संपादकाने, धनको, पुढारी व फौजदार या तिघांकडेही न पाहता, आपल्या बुद्धीला पटेल ते उत्तर द्यावे, एवढ्या व्यवहाराची हमी ज्याच्यापाशी आहे ते नियतकालिक स्वतंत्र.

वाचक नेहमी पत्रच लिहितो असे नाही. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी गिरगावात ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. मराठी साहित्याच्या अभिरुचीचे मानदंड ठरविणाऱ्या त्या मासिकाच्या संपादकांची नवोदितांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध होती. एका कथेवर कथेपेक्षा लांब पत्र जावे इतकी श्रद्धा त्या कचेरीत होती. तरीही तिथे ज्यांना दार उघडले नाही, त्यांनी काय छापले जात नाही याची यादी मनात ठेवली होती आणि त्यांचा प्रतिसाद अग्नीच्या रूपाने आला. मला पुस्तके वा मासिके जाळणे मान्य नाही. पण ‘सत्यकथे’ला जाळावयास जे आले ते तिचे अत्यंत बारकाईने वाचणारे वाचक होते, हे विसरून त्या प्रसंगाचा अर्थ लागत नाही, उदासीन माणूस काडी ओढण्याचीही तसदी घेत नाही. तीन वर्षांनी, 1972 च्या स्वातंत्र्यदिनी, साने गुरुजींनी 1948 मध्ये काढलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने आपल्या विशेषांकात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख प्रसिद्ध केला. राष्ट्रध्वजाच्या अवमानास जेवढा दंड आहे त्याहून थोड्या दंडावर दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणारे सुटतात, या विसंगतीवर लेखकाने जळजळीत शब्दांत बोट ठेवले होते. महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि ‘साधना’च्या कचेरीवर मोर्चे चालून आले. यदुनाथ थत्ते संपादक होते; अंकाची जबाबदारी अनिल अवचटांकडे होती. ज्यांनी लेख वाचला होता आणि ज्यांनी त्यातील ध्वजाविषयीची ओळच तेवढी ऐकली होती, ते सारे एकाच गर्दीत सामील झाले. पत्र आणि मोर्चा यांतील फरक मी इतकाच मानतो की, पत्राखाली सही असते आणि त्याला उत्तर पाठविता येते.

पुढे आणीबाणीत ‘साधना’च्या छापखान्याला टाळे लागले, आणि मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या मासिकाने सेन्सॉरच्या हुकमांना उच्च न्यायालयात आव्हान देऊन आपला मतभेदाचा हक्क मान्य करून घेतला. तो इतिहास सर्वपरिचित आहे. मला येथे नोंदवावयाचे आहे ते इतकेच की, अशा काळी मासिकाला तगवून धरणारा मनुष्य स्तुतिपत्रे लिहिणारा सहसा नसतो. संपादकांच्या टेबलावर जी पत्रे येतात त्यांपैकी ‘आपला अंक वाचनीय झाला’ असे म्हणणारी पत्रे निरुपद्रवी होत. ती छापून जागा भरते आणि संपादकाचा दिवस बरा जातो. ज्याने पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आणि सोबत तीन पाने भरून मागच्या अग्रलेखाचे वाभाडे काढले, तो इसम मासिकाचा खरा भागीदार होय. त्याचे पत्र काटछाट न करता छापावे, त्याखाली संपादकीय टीप जोडून शेवटचा शब्द आपल्या पदरात पाडून घेऊ नये, आणि उत्तर द्यावयाचेच तर पुढच्या अंकात, कारणांसह व स्वतःच्या सहीनिशी द्यावे. टोपणनावाचा हक्क मात्र मी राखून ठेवीन. लोकहितवादींनाही तो लागला होता, आणि कर्व्यांना लिहिणाऱ्यांना तर त्याहून अधिक.

एक व्यावहारिक सूचना करून मी आपली रजा घेतो. आपल्या नियतकालिकांच्या जुन्या फायली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि ठिकठिकाणच्या वाचनालयांत बऱ्यावाईट स्थितीत मिळतात, परंतु त्यांत छापून आलेली पत्रेच तेवढी आहेत. न छापलेली पत्रे कचेरी हलविताना रद्दीत जातात, आणि त्यांबरोबर लोकांनी काय विचारले होते याचा पुरावाही जातो. म्हणून प्रत्येक नियतकालिकाने आपल्याकडे आलेला वाचकांचा पत्रव्यवहार, पत्रलेखकांची नावे झाकून व त्यांची हरकत असल्यास ती मानून, किमान तीस वर्षे जतन करावा आणि त्यानंतर एखाद्या सार्वजनिक दप्तरखान्याच्या स्वाधीन करावा, असा ठराव मी विषयनियामक समितीकडे लेखी दिला आहे. खर्चाची तजवीज कशी करावी याविषयी समितीत दोन तट असल्याचे मला कळते. उद्याच्या सकाळच्या बैठकीत तो प्रश्न प्रथम घ्यावा आणि संपादकांइतकेच येथे श्रोते म्हणून आलेल्या वाचकांनाही त्यावर बोलू द्यावे, अशी अध्यक्ष या नात्याने माझी सूचना आहे.