उचल

माझी बहुतेक नोकरी मद्रास रेजिमेंटमध्ये झाली. त्यामुळे मोडकंतोडकं का होईना, तमिळ येतं. आज त्या भाषेतल्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'अडमानम'. अर्थ सोपा, गहाण. दागिना गहाण, जमीन गहाण, तसाच.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तंजावरला गेलो होतो. मराठी माणूस तिथे जे बघतो ते सगळं बघितलं. मोठ्या देवळातला भोसल्यांचा मराठी शिलालेख, सरस्वती महाल, सरफोजीराजांचा पुतळा. छाती फुगवून फोटोही काढून घेतले. मग माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांकडे निघालो. त्यांचं गाव ओरत्तनाडूजवळ, तंजावरच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटर.

ओरत्तनाडूला सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा. १८०१ साली राजांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं, त्यात राज्यातल्या अशा छत्रांचं काम कसं चालतं ते सविस्तर सांगितलं आहे. वाटेत आईबाप वारलेली परक्यांची मुलं छत्रातल्या पंतोजीच्या स्वाधीन करत. त्यांना तीन वेळा भात, कपडे, औषध, दर चार दिवसांनी डोक्याला तेल. हवी ती विद्या शिकवायची, आणि पुढे लग्नाचा खर्चही छत्राने करायचा. मला त्यातलं तेल फार आवडतं. अनाथ पोराच्या डोक्याला तेल लागतं हे राज्याच्या कागदात लिहिणारा राजा.

छत्र बघून बाहेर पडलो. सुभेदार घ्यायला आले होते. गावाच्या वाटेवर कापणी झालेल्या भातखाचरात मेंढ्यांचा कळप बसलेला. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात ना, खतासाठी? अगदी तसंच. तिथे त्याला 'किडै' म्हणतात. शेतकरी रात्रीच्या हिशेबाने पैसे देतो. रामनाथपुरम, शिवगंगा या कोरड्या भागातले कळप कापणीनंतर कावेरीच्या खोऱ्यात उतरतात आणि जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी यायच्या सुमारास परततात.

कळपाशी एक पोरगा होता. दहा-अकरा वर्षांचा. तेवढ्यात डोक्यावरून सुखोई गेलं. जानेवारी २०२० पासून तंजावरच्या हवाई तळावर सुखोईंची स्क्वाड्रन आहे. कान फाटतील असा आवाज. मेंढ्या उधळल्या, पोरगा त्यांच्यामागे धावला. पण त्याने मान वर केली नाही. अकरा वर्षांचं पोर आणि विमानाकडे बघत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी त्याला शाळेचं विचारलं. उत्तर कळपवाल्याने दिलं, "भाचा आहे माझा. सुट्टीत आलाय."

पुढे आल्यावर सुभेदार म्हणाले, "साहेब, मार्चमध्ये कसली सुट्टी? ते पोर अडमानम आहे."

मी म्हटलं, "साहेब, आपल्याला नक्की काय माहीत आहे? मी परका माणूस, उद्या निघून जाणार."

"मी परका नाही," म्हणाले, आणि त्यांनी १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक लावला. सकाळी अधिकारी आले तेव्हा खाचर रिकामं होतं. कळप चार दिवसांनी शेजारच्या तालुक्यात सापडला. पोरगा मामाबिमा कुणाचाच नव्हता. बाप दवाखान्यात असताना आईने पंधरा हजार उचल घेतली होती. बाप तरी गेलाच. पोरगा दीड वर्ष मेंढ्यांमागे होता.

आता इथे जरा थांबतो. आपण सहज म्हणतो, गरिबी आहे, पोटाला नाही, म्हणून पोरं कामाला जातात. या पोराच्या बाबतीत तसं नव्हतं. तमिळनाडूत शाळेत दुपारचं जेवण कामराज यांच्या काळात, १९५६ला सुरू झालं, एमजीआर यांनी १९८२मध्ये ते फार मोठं केलं, आणि २०२२पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही मिळू लागली. रेशनचा तांदूळ फुकट. पोरगा चौथीत होता, रोज शाळेत जेवत होता. त्याच्या आईकडे मोबाइलही होता. नव्हतं ते एकच. एका रात्रीत पंधरा हजार उसने देणारं माणूस. दागिना नाही, जमीन नाही, बचत गटाचा हप्ता थकलेला. गहाण ठेवण्यासारखं घरात तेवढंच उरलं होतं. २०१८च्या नोव्हेंबरात गजा चक्रीवादळाने याच भागातल्या नारळाच्या बागा झोपवल्या, तेव्हाही एका बापाने मुलाला असंच गहाण ठेवल्याची बातमी आली होती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी उचल आपोआप रद्द होते, फेडायची नसते. सुटका झालेल्याला तातडीने तीस हजारांपर्यंत मदत मिळू शकते, मुलांसाठी पुढे दोन लाख; पण ती मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. आणि खटले आपल्याकडे किती वर्षं चालतात ते तुम्ही जाणता. त्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरगा घरी आला तर तिचा पहिला प्रश्न, "आता पंधरा हजार कुठून देऊ?"

सुभेदारांनी हे मला फोनवर सांगितलं, त्या रात्री झोप लागली नाही. कारण 'उचल' हा शब्द मला तमिळमधून शिकायची गरज नव्हती.

१९९६ साली मी महाराष्ट्रातल्या एका छावणीत मेजर होतो. आमची मुलगी पाच वर्षांची. तिला सोबत म्हणून बीडकडची एक मुलगी घरी ठेवली, अकरा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. वडिलांना मी तीन हजार रुपये दिले, एका वर्षाचे. त्यांनी अंगठा उठवला, मी पाकीट खिशात ठेवलं. आम्ही म्हणायचो, घरच्यासारखी राहते. चांगलंचुंगलं खाते. फडात कोयता धरण्यापेक्षा बरं. हे सगळं खरं होतं, म्हणून तर कधी टोचलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू, शिवकाशीच्या काडेपेटी कारखान्यांतल्या मुलांबद्दल. धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार भरायचे. धोक्याचं नसलेल्या कामात रोज किमान दोन तास शिक्षण, मालकाच्या खर्चाने. मी ते वर्तमानपत्रात वाचलं. मेसमध्ये त्यावर तावातावाने बोललोसुद्धा. चहा त्या मुलीनेच आणून दिला होता त्या सकाळी.

घरकामाला चौदाखालचं मूल ठेवायला बंदी आली ऑक्टोबर २००६मध्ये. म्हणून बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आलो, तेव्हा कायदा नव्हता. तर होता. मुलाचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्धचा कायदा इंग्रजांनी १९३३ सालीच केला होता. गहाण ठेवणाऱ्या पालकाला पन्नास रुपये दंड, ठेवून घेणाऱ्याला दोनशे. अधिकारी माणूस, कायदे शिकलेला, आणि माझा दर दोनशे रुपये.

मुलगी दीड वर्षाने गेली. वडील घेऊन गेले, लग्न ठरलं म्हणाले. तेराव्या वर्षी. मी आहेर दिला.

तंजावरहून परतल्यावर तिचा शोध घेतला. तीन महिने लागले. आता पुण्याजवळ राहते, तिची मुलगी दहावीला आहे. फोनवर मी नाव सांगितलं, तर तिने आधी बाईसाहेबांची तब्येत विचारली. मग बेबीची. मला जे बोलायचं होतं ते मी बोललो, नीट जमलं नाही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साहेब, बेबीच्या वह्यांना कव्हरं मीच घालायचे. आठवतं ना?"