थकव्याचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी हे भाषण खुर्चीत बसून करणार आहे, त्याबद्दल राग मानू नये. बसून का, हाच आजचा विषय आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण मला माजी खजिनदार म्हणून ओळखता. नऊ वर्षं हे काम केलं आणि २०२१ साली एकाएकी राजीनामा दिला. तेव्हा बरीच कुजबुज झाली. कुणी म्हणालं रुसले, कुणी म्हणालं हिशेबात काहीतरी असणार. हिशेब पैशापैशाला जुळलेले होते. न जुळणारी गोष्ट माझ्या अंगात होती आणि ती सांगायची मला लाज वाटत होती. आज सांगतो.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी आठ दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर होतो. घरी आलो तेव्हा तुम्ही गॅलरीतून टाळ्या वाजवल्या होत्या, ते विसरलेलो नाही. वाटलं, सुटलो. पण महिने गेले तरी आंघोळ करून आलो की पलंगावर आडवं व्हावं लागे. अग्रलेखाची चौथी ओळ वाचताना पहिली विसरायची. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखं वाटत नसे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-बारा, टूडी इको, सगळं करून झालं. रिपोर्ट नॉर्मल!

नॉर्मल म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. 'मन रमवा', 'रोज थोडं जास्त चाला'. मीही हट्टी. गणपतीच्या आधी एका रविवारी तीन तास उभं राहून मंडपाचं काम पाहिलं, पावत्या फाडल्या. त्या दिवशी ठणठणीत होतो. मंगळवारी जो झोपलो तो पुढच्या रविवारपर्यंत उठलो नाही.

आमच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. चिठ्ठीवर मराठीत 'व्यवसायोपचार तज्ज्ञ' असं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आता कसला व्यवसाय?" नंतर कळलं, इथे व्यवसाय म्हणजे माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो ते सगळं. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं पहिलं विद्यालय सुरू केलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं आहे.

थेरपिस्ट बाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी व्यायाम दिला नाही, प्रश्न विचारले. दात उभं राहून घासता का? कपडे कुठल्या फळीवर असतात? मग दोन आठवडे डायरी लिहायला सांगितलं. काय केलं, किती वेळ, नंतर कसं वाटलं. डे बुक लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा ते झकास जमलं. त्यांनी त्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या खुणा केल्या आणि मला दिसलं की प्रत्येक धावपळीनंतर एक-दोन दिवसांनी मी कोसळतो. हीच या थकव्याची मेख. तो लगेच येत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. बाई म्हणाल्या, "काका, खात्यात शंभर असताना तुम्ही दीडशेचा चेक फाडता. दंड दोन दिवसांनी लागतो." त्या एका वाक्याने मला जे समजलं ते सहा महिन्यांत समजलं नव्हतं.

मग बदल केले. बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल आलं, आंघोळ बसून. दाढी बसून. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर. एका दिवशी एकच मोठं काम, म्हणजे बँक असेल तर भाजी नाही. कोणतंही काम वीस मिनिटं, की घड्याळाचा गजर. दमल्यावर नाही, दमण्याआधी विश्रांती. आणि विश्रांती म्हणजे डोळे मिटून पडणं. मोबाईल आणि टीव्ही हा खर्चच, बरं का! सगळ्यांत अवघड काय असेल, तर बरं वाटत असताना थांबणं.

एक सावधगिरी. थकवा जाणवला की माझं ऐकून स्टूल आणू नका, आधी डॉक्टरांकडून तपासण्या करा. अॅनिमिया, थायरॉईड, हृदय, झोपेतला श्वास, मनाची उदासी, कारणं अनेक असतात आणि बऱ्याचशांवर औषध आहे. काहींना व्यायामानेच बरं वाटतं. पण श्रमानंतर कोसळणाऱ्याला जबरदस्तीने चालवू नये. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णांना ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा कार्यक्रम देऊ नये, असं २०२१ साली सांगितलं आहे.

आमच्या सौ.बद्दल बोललं पाहिजे. तिसऱ्या भेटीत बाईंनी तिलाही बसवून घेतलं आणि विचारलं, "काकू, तुमचा दिवस कसा जातो?" ती रडली. म्हणाली, "हे सकाळी चांगले दिसतात, संध्याकाळी बोलवत नाही. कधी काय मागावं तेच कळत नाही." मला वाटत होतं की सोसतो मी एकटाच. तेव्हापासून फ्रिजवर दोन चुंबकं आहेत. लाल लावलं असेल तर ती काही विचारत नाही, हिरवं असेल तर लसूण सोलायला बसवते. आमची भांडणं निम्म्यावर आली!

आता मनातली एक बोच. मी शाखाधिकारी असताना एक क्लार्क कावीळ होऊन परत आला होता. कावीळ बरी झाली, पण दुपारनंतर तो टेबलावर डोकं टेकायचा. त्याचा फिटनेसचा दाखला माझ्यासमोर होता. मी त्याला कामचुकार म्हणालो, मेमो दिला. त्याने उलट उत्तर दिलं नाही, नुसतं बघितलं. ती नजर मला २०२१ साली कळली, जेव्हा लोक मला म्हणू लागले, "दिसता तर छान!" त्याचा पत्ता काढायचा प्रयत्न केला, सापडला नाही. म्हणून त्याची माफी इथे, तुमच्यासमोर मागतो.

मी पूर्ण बरा नाही. खजिनदारपद पुन्हा झेपणार नाही. पण दर महिन्याचं बँक रिकन्सिलिएशन मीच तपासतो, वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकांत. नातवाबरोबर कॅरमचा एक डाव होतो. दुसरा तो मागतो, मी देत नाही. त्यालाही आता सवय झाली आहे.

कमिटीला एकच विनंती. लिफ्ट बंद पडते तेव्हा टेकायला प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी एक बाकडं ठेवा. आणि तुम्हां सर्वांना विनंती की त्यावर कुणी बसलेलं दिसलं तर 'काय, दमलात इतक्यात?' असं म्हणू नका. जागा असेल तर शेजारी बसा.

गजर वाजला. मी थांबतो.