पायरी सांगणारे साधन, कारण सांगणारे साधन



आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर आता नवी हुशार साधने येत आहेत. ती बोर्डाचा नकाशा दाखवतात, मीटरचे रीडिंग वाचतात आणि प्रोब कुठे लावायचा तेही सांगतात. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांची कसोटी मी एकच मानतो : वर्षभर ती वापरल्यावर कारागीर अधिक जाणता झाला का? त्यासाठी साधनाने पायरीसोबत तिच्यामागचे कारणही सांगायला हवे.

मोबाइल बंद आहे आणि मुख्य सप्लायची लाइन शॉर्ट आहे, असे समजा. साधन म्हणते, अमुक कपॅसिटर बदला. पण त्या लाइनवर अनेक कपॅसिटर आणि आयसी समांतर जोडलेले असतात. त्यांतला एक जरी ग्राउंडला शॉर्ट झाला, तरी मीटर सगळीकडे जवळपास शून्यच दाखवतो. म्हणून रीडिंगचा अर्थ कळायला हवा : मीटरच्या डायोड मोडवर शून्य म्हणजे शॉर्ट, रीडिंग अपेक्षित असताना ‘ओएल’ म्हणजे बहुधा तुटलेली वाट, आणि नेहमीपेक्षा कमी रीडिंग म्हणजे लीकेजचा संशय. हा अर्थ ज्याला उमगला, तो उद्याच्या मॉडेलचाही दोष शोधेल. ज्याला फक्त पार्टचा नंबर कळला, त्याची विद्या त्या मॉडेलसोबतच संपेल.

नुसत्या पायऱ्या पुरत नाहीत, याला इतिहासाचा आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांचे काम जवळून अभ्यासले आणि १९९६मध्ये ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कंपनीच्या पुस्तिकेत पायऱ्या होत्या. पण अवघड बिघाड सुटत ते तंत्रज्ञांनी एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांतून. पुढे त्याच कंपनीत ‘युरेका’ ही व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञ आपली युक्ती लिहीत, सहकारी ती तपासत आणि लिहिणाऱ्याचे नाव तिच्यासोबत राही. अमेरिकी हवाई दलाच्या तंत्रज्ञांसाठी १९८०च्या दशकात घडवलेली ‘शेरलॉक’ ही प्रणालीही शिकणाऱ्याला स्वतः मोजमाप करू देई आणि तो अडला की संकेत देई. निर्णय माणसाच्या हाती ठेवूनही यंत्र वाट दाखवू शकते, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना कारणे कोण ऐकणार? पण कारण एका वाक्यात सांगता येते. चुकीचा पार्ट बदलण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो आणि हॉट एअरचा प्रत्येक अनावश्यक शेक बोर्डाला दुबळे करतो. दोन्ही हातांत प्रोब आणि डोळे मायक्रोस्कोपला असताना स्क्रीनला हात लावता येत नाही. म्हणून कारणाचे हे वाक्य आवाजात, मराठीत आणि आपल्याच ‘लाइन’, ‘शॉर्ट’, ‘जंपर’ या शब्दांत यावे.

दुसरा आक्षेप नवख्यांबद्दल आहे : त्यांना कारण झेपत नाही, हुकूमच द्या. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. फुगलेली लिथियम बॅटरी असो किंवा एसएमपीएसमधला सुमारे ३२५ व्होल्टला भरलेला कपॅसिटर असो, तिथे ‘थांबा’ हा हुकूमच हवा. पण सुरक्षेतला हुकूम निदानात आणला, तर नवखा कायम नवखाच राहील आणि साधन चुकले त्या दिवशी चूक ओळखणारा कुणी उरणार नाही.

म्हणून साधने घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे : उपाय सुचवण्याआधी रीडिंग मागा, संशय असेल तर तो स्पष्ट सांगा, आणि कारागीर तुमची चूक दुरुस्त करील तेव्हा ती त्याच्या नावासह जपा. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंतच्या, गावोगावच्या माझ्या सहकाऱ्यांनो, आज सुटलेला एक अवघड बिघाड आजच लिहून ठेवा : लक्षण, रीडिंग, कारण आणि खाली तुमचे नाव. उद्याच्या साधनाला शहाणपण तुमच्याकडूनच मिळायचे आहे.