नाव नसलेली दुचाकी

अमेरिकेतील जुन्या घरांच्या कोठारांत आजही अधूनमधून एक विलक्षण वाहन हाती लागते. उंची कमरेपेक्षा कमी, चाके वीतभर, बैठकीचे रेक्झिन फाटलेले, आणि अंगावर नावाची खूण कोठेही नाही. हीच मिनीबाइक. 1960 नंतरच्या दशकात मुलांच्या हौसेपायी ती तिकडे फोफावली. ओहायोतील मॅन्सफील्डच्या रप्पसारख्यांचे नाव टिकले. पण कित्येक लहान कारखान्यांची ओळख टाकीवरच्या चिकटचित्रापुरतीच होती आणि ते चित्र उन्हापावसाने गेले. त्यातच टपालाने माल विकणारी मोठी दुकाने दुसऱ्याने घडविलेली गाडी स्वतःच्या नावाने खपवीत.

अशा गाडीचे कुळ शोधू पाहणारा प्रथम इंजिनाकडे धावतो. तेथे वाचावयास पुष्कळ असते, हे खरे. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या इंजिनांवर पंख्याच्या पत्र्याच्या आवरणावर आकडे ठोकलेले असतात. संकेतांकाचा आरंभ 680815 असा असेल, तर दिवस 15 ऑगस्ट 1968. परंतु असली इंजिने गवत कापण्याच्या यंत्रांवर आणि पंपांवरही चालत. चार बोल्ट सोडले की एक जाते, दुसरे येते. इतकेच नव्हे, आकड्यांचा तो पत्राही दुसऱ्या इंजिनावर बसविता येतो. तारीख खरी, पण ती पत्र्याची!

खरी साक्ष सांगाड्याची. नळीचा व्यास, तिचे वाक, सांध्यांची धाटणी, मागच्या टायरवर लोखंडी पट्टी दाबणारा ब्रेक, या साऱ्या गोष्टी जुन्या सूचिपत्रांतील चित्रांशी ताडून पाहाव्या लागतात. इंजिनाखालच्या पाटाला चारांऐवजी आठ भोके असली, तर दुसरे इंजिन तेथे येऊन गेले असावे. त्याच पाटाखाली उन्हाने न विटलेला मूळ रंगाचा ठिपका सापडतो. टाकी तिरप्या उजेडात धरली, तर गळून पडलेल्या चिकटचित्राची पुसट कडाही कधीकधी दिसते.

हौशी माणसाची घाई घात करते ती येथेच. गाडी घरी येताच तो सांगाडा वाळूच्या झोताखाली धरतो. लोखंड लखलखते खरे. पण गाडीचा सारा जबाब वाळूबरोबर उडून जातो. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ छातीत जाणे बरे नव्हे. आधी छायाचित्रे, मापे आणि भोकांची नोंद, मग पाना.

पुढचे काम बरेचसे चाकोरीतले. टाकीत राळेसारखे घट्ट झालेले पेट्रोल काढावे, कार्बुरेटर धुवावा, ठिणगी पडत नसेल तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट घासावे. हॅण्डलखालचा, पुढचा चिमटा जेथे सांगाड्याला मिळतो तो सांधा मात्र भिंगाने पाहावा. तेथे तडा असलेली गाडी, कितीही देखणी झाली तरी, मुलाच्या हाती देता येत नाही.

एवढे करूनही काही गाड्यांचे नाव निघत नाही. मग प्रसिद्ध कारखान्याचे नवे चिकटचित्र डकविण्याचा मोह होतो. किंमत चढते आणि कुळ खोटे पडते. त्या काळी कारागिरीच्या मासिकांतून मिनीबाइकचे आराखडे छापून येत, आणि घरच्या घरी नळ्या जोडणारेही होते. वेल्डिंगचे ओघळ जाडेभरडे, दोन बाजूंच्या मापांत पाव इंचाचा फरक, बैठकीला जुन्या खुर्चीचे कापड. अशा गाडीच्या टाकीवर चित्राची कडा सापडत नाही, कारण तेथे चित्र कधी नव्हतेच.