मनाचे आजारपण आणि घरातली बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे विषय काहीसा प्रसन्न असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी माझा विषय चिटणीसबाईंना कळविला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बोला तुम्ही. पुष्कळ घरांतला विषय आहे, पण कोणी काढीत नाही." मी डॉक्टर नाही, वकील नाही. माझे माहेर सांगलीचे, सासर साताऱ्याचे. आणि गेली बावीस वर्षे माझ्या धाकट्या नणंदेचे मनाचे आजारपण मी घरात सांभाळते आहे. तिला विचारूनच आज बोलते आहे. "नाव तेवढे सांगू नका हं वहिनी," इतकेच ती म्हणाली.

तिचे लग्न एकविसाव्या वर्षी झाले. पहिल्या बाळंतपणानंतर तिला झोप येईनाशी झाली. भिंतीतून कोणी बोलते असे वाटू लागले. दुधात काहीतरी कालवतात म्हणून तिने जेवण टाकले. सासरच्यांनी आधी दृष्ट काढली, मग उतारे केले, मग देवरशी गाठला. आणि आठ महिन्यांनी तिला ट्रंकेसह आमच्या दारात आणून सोडले. मूल तिकडेच राहिले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, छिन्नमनस्कता. इंग्रजी नाव स्किझोफ्रेनिया. नाव कळले त्या दिवशी मला थोडे हायसेच वाटले. ज्याला नाव आहे त्याला औषध असेल, असा आपला साधा समज. आणि औषध आहेही. १९५२ सालापासून या आजारावर गुणकारी गोळ्या निघाल्या, पुढे त्यांत पुष्कळ सुधारणा झाली. आज ती भाजी निवडते, सुंदर गजरे करते, पेपर वाचते. काही दिवस मात्र अंथरुणावरून उठत नाही, आणि ते दिवस कधी येतील हे सांगता येत नाही.

आपल्याकडे कोणी जरा विचित्र वागले की "याला येरवड्याला पाठवा" असे थट्टेत म्हणतात. मीही माहेरी असताना म्हटले असेल. पण भगिनींनो, त्या थट्टेत एक खरी गोष्ट दडलेली आहे, ती अशी की मनाच्या आजारावरचा उपाय म्हणजे दूर पाठवणे. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर. साताऱ्यात नाही, सांगलीत नाही. साताऱ्याहून येरवड्यास जावयाचे तर एस.टी.ने स्वारगेट, तेथून पुन्हा शहर बस. सांगलीकराला रत्नागिरी गाठावयाची तर कोल्हापूरवरून आंबा घाट उतरावा लागतो. ज्याला गर्दीत आपल्याविषयी कुजबुज ऐकू येते, त्याला घेऊन हा प्रवास करून पाहा. शेजारच्या बाकावरचे लोक उठून दुसरीकडे बसतात. (२०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचा आम्हा दोघींना औषधाच्या फेऱ्यांत फार उपयोग होतो. चांगले आहे ते चांगले म्हटले पाहिजे.)

हा दूरचा प्रवास टळावा म्हणूनच १९८२ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. माणूस राहतो तेथेच, जवळच्या आरोग्य केंद्रात त्याला उपचार मिळावेत, ही कल्पना. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात ती करून पाहिली आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून ती इतरत्र नेण्यास आरंभ झाला. कल्पना उत्तम. परंतु २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत मोठी पाहणी केली, तिचा निष्कर्ष ऐका. शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना मनाचा काही ना काही आजार होता. आणि वेगवेगळ्या आजारांत मिळून शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव जण उपचारावाचून होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे साताऱ्याची वस्ती तीस लाख, सांगलीची अठ्ठावीस लाख. त्यांतली मुले वगळली तरी दोन जिल्ह्यांत मिळून चार लाखांच्या आसपास माणसे होतात. हा माझा आपला घरगुती हिशेब आहे. तो थोडा चुकला तरी ही चार लाख माणसे कोणत्या इस्पितळात आहेत, असा प्रश्न उरतोच. ती घरात आहेत. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा कोणाच्या तरी आईला, बायकोला, वहिनीला पाठ आहेत. त्या वहिनीला सरकारदरबारी पगार नाही, रजा नाही आणि शिक्षणही नाही. गोळी थुंकून टाकली तर काय करावे, मध्यरात्री दार उघडून निघून गेली तर कोठे शोधावे, हे मला कोणी शिकविले नाही.

याउलट एक जुनी हकिकत मला फार आवडते. १९५० च्या सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर म्हणून डॉक्टर होते. जागा अपुरी, रुग्ण पुष्कळ. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहू दिले. घरच्यांनी उपचार डोळ्यांनी पाहिले, त्यांची भीती गेली आणि रुग्ण बरे होऊन घरी परत जाऊ लागले. पैसा थोडाच होता, पण घरच्या माणसांना बाहेर उभे केले नव्हते.

आता दाखल्याविषयी सांगते, कारण त्यातच आम्ही अतिशय दमलो. १९९५ च्या कायद्यापासून मानसिक आजार हे अपंगत्व मानले गेले आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ते आहे. चाळीस टक्के वा अधिक असा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र मिळाले म्हणजे पुढच्या सवलतींचे दार उघडते. संजय गांधी निराधार योजनेचे साहाय्य २०२३ साली दरमहा हजारावरून दीड हजार झाले, आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. औषधे आणि प्रवास यांपुढे ही रक्कम लहान, तरी ती तिच्या नावाची असते, याला माझ्या लेखी मोल आहे.

तर आम्ही एका रुग्णालयात गेलो. नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही थोडेफार असेच ऐकले आहे. पहिल्या खेपेस तपासणीचा वार निराळा निघाला. दुसऱ्या खेपेस मनाचे डॉक्टर रजेवर. तिसऱ्या खेपेस रांगेत पाच तास उभे राहिलो. नणंद त्या दिवशी नेमकी चांगली होती. वेणीफणी केलेली, धुतलेली साडी. तिने नाव सांगितले, वार सांगितला, मुख्यमंत्र्यांचे नावदेखील सांगितले. समोरचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, या तर चांगल्या दिसतात." आता काय म्हणावे! ती चांगली दिसावी म्हणून तर मी पहाटे चारला उठले होते. पाय तुटलेला दिसतो. मनाचे तसे नाही. चौथ्या खेपेस दाखला झाला, तोही मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा तोच वार, तीच रांग.

नंतर मी चौकशी करून हे मोजमाप कसे करतात ते समजून घेतले. ते तुम्हाला सांगते, उपयोगी पडेल. चार गोष्टी पाहतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे आणि समजणे, आणि काम. प्रत्येकीस शून्यापासून चारपर्यंत गुण. जितकी अडचण अधिक तितके गुण अधिक. त्यात आजाराच्या वर्षांचे गुण मिळवितात. दहा वर्षांहून जुना आजार असेल तर त्याचेच चार. बेरीज सात झाली की चाळीस टक्के. आणि ही माहिती रुग्णाबरोबरच सांभाळणाऱ्या माणसाकडूनही घ्यावयाची असते. म्हणून मी आता एक वही ठेवते. किती दिवस अंघोळ नाही, कोणत्या दिवशी जेवली नाही, केव्हा घराबाहेर गेली आणि कोणी आणून सोडली. वाण्याच्या हिशेबासारखी ती वही आहे, पण पुढच्या दाखल्याच्या वेळी डॉक्टरांनी ती मागून घेऊन नीट वाचली.

कायद्याने काय दिले आहे तेही जाणून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ साली अमलात आला. सरकारी सेवा मिळणे हा त्यात प्रत्येकाचा हक्क मानला आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावयाचा आहे. आवश्यक यादीतली औषधे सरकारी केंद्रांत फुकट आणि नेहमी असावयास हवीत. 'नेहमी' हा शब्द कायद्याचा, माझा नव्हे. आमच्या गोळ्या कित्येकदा "आल्या नाहीत, बाहेरून घ्या" या उत्तराने मिळतात. कोणालाही साखळदंडाने बांधण्यास बंदी आहे. घरच्यांनी नाकारले एवढ्याच कारणाने बऱ्या झालेल्या माणसाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. अशा वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला. त्या राहिलेल्यांत टाकून दिलेल्या बायका असतात, हे निराळे सांगावयास नको.

एक कलम तर अगदी आपल्या कामाचे. रुग्णाने बरे असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. स्टॅम्पाचा कागद लागत नाही. नणंदेने माझे नाव लिहून दिले आहे. त्याआधी दवाखान्यात मला विचारीत, "तुम्ही कोण? भाऊ कोठे आहेत?"

देवाधर्माविषयी बोलले नाही तर तुम्ही घरी गेल्यावर बोलाल. औदुंबर, नरसोबाची वाडी ही आपली दत्ताची ठिकाणे. तेथे बाधा उतरावी म्हणून पुष्कळ जण रुग्णाला नेतात. आम्हीही वाडीला गेलो, घाटावर बसलो, तिला शांत वाटले. दत्ताच्या दारी जाऊन कोणाचे वाईट झाले नाही. वाईट होते ते "आता गोळ्या बंद करा" असे सांगणाऱ्याचे ऐकून. मारहाण, धुरी, बांधून ठेवणे हे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. तो कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. त्यांचा खून झाल्यावर तो झाला. तमिळनाडूत एर्वाडी येथे २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा दर्ग्याजवळच्या एका आश्रमात साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. पळता आले नाही त्यांना.

सांभाळणाऱ्यांनी एकत्र यावे, हे मला डॉ. जगन्नाथ वाणी यांच्यामुळे सुचले. ते मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. परदेशात जी मदत मिळते ती इकडच्या घरांना का नाही, या तळमळीने त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट निघण्यातही त्यांचा हात होता. त्या मंडळींत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द गोड आहेत. पहाटे तीनला जेव्हा कोणी भांडी फेकीत असते तेव्हा ते आठवत नाहीत, पण दुसऱ्या शुभंकराचा फोन नंबर आठवतो.

माझ्यामागे तिचे कोण, हा प्रश्न मला रात्री सतावतो. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा मुलांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर पालक नेमता येतो. मनाच्या आजाराचा त्या कायद्यात समावेश नाही. माझा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. "आत्याचे मी बघेन," असे तो म्हणतो. त्याने म्हणावे हे चांगलेच. पण उद्या त्याची बायको म्हणजे आणखी एक वहिनीच, नाही का? जिल्ह्याच्या ठिकाणी चार-सहा जणींना देखरेखीखाली राहता येईल असे एखादे साधे घर, आणि दिवसा काम करता येईल अशी एक जागा, इतके जरी सरकारने केले तरी पुष्कळ. हे मागणे लिहून आपण मंडळाच्या वतीने दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असे मी अध्यक्षाबाईंना सुचविले आहे. मसुदा तयार आहे, सह्या तेवढ्या हव्यात.

तोवर आपल्याकडून होण्याजोगे एवढेच : दाखल्याच्या दिवशी रांगेत उभे राहण्यास सोबत देणे, अर्ज लिहून देणे, आणि सांभाळणारीला महिन्यातून एक दुपार मोकळी करून देणे. तीन भगिनींनी आपण होऊन नावे दिली आहेत. रात्री-अपरात्री बोलावयास कोणी हवे असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, २०२२ पासून. त्यावर पैसे पडत नाहीत. बाकी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना नाव सांगणे जड जाते त्यांनी नाव सांगू नये. त्या खोलीला गल्लीकडून वेगळे दार आहे, ते उघडे ठेवण्यास मी शिपाईमामांना सांगून ठेवले आहे.