पुरापूर्वीची यादी

(तेल्हारा येथील बुद्धविहारात कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



वर्षावास जवळ आला आहे. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्यातून वान नदी उतरते, आणि वारी येथे तिच्यावर हनुमान सागर धरण आहे. १९९१ साली आपल्याच विदर्भात वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक जीव घेतले. तेव्हा पाण्याची आठवण पाणी येण्यापूर्वीच केलेली बरी.

पूर जात पाहत नाही, असे म्हणतात. पण कोणाचे घर कोठे असावे, हे येथे जातीने ठरविले. नाल्याच्या काठी, ई-क्लासच्या जमिनीवर आपली घरे. पाणी तेथे प्रथम येते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतीच्या वाटपातही दलितांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेद करण्यास मनाई करते. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांच्या किमान मानकांसोबत विधवा व अनाथांसाठी विशेष तरतुदीचा उल्लेख आहे. म्हणजे मदत हे दान नव्हे.

परंतु कायदा स्वतःहून कोणाच्या दारी जात नाही. एक वृद्ध विधवा माझ्याकडे आली होती. पावसात तिची मातीची भिंत पडली. पंचनामा झाला त्या दिवशी ती निंदणाला गेली होती. घराला कुलूप होते. तिचे नाव राहिले ते राहिलेच. शेजारी होते, कार्यकर्ते होते. पण तिची आठवण ठेवणे हे कोणा एकाचे काम नव्हते. हा दोष सरकारचा तसाच आपलाही आहे.

म्हणून मृग लागण्यापूर्वी प्रत्येक वस्तीची यादी करा. एकटे वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले रोगी यांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे त्यास उचलून नेणाऱ्या तरुणाचे नाव व नेण्याची जागा लिहा. शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, घराचा नमुना आठ यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. घराची नोंद नसेल तर आताच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर लिहा. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. वाचल्याविना सही करू नका.

आणखी एक. यादीत केवळ बौद्धांचीच घरे असतील, तर भेद आपणच केला असे होईल. मातंग, पारधी, कोरकू, कोणीही असो. ज्याच्या दारात पाणी येईल त्याचे नाव यादीत आले पाहिजे. मैत्रीचा उच्चार आपण विहारात करतो. तिचा आचार या यादीत दिसू द्या.

जय भीम.